नदीत कयाक घालण्याआधी: वारा, भरती आणि घाटावरचे ढग



पाऊस ओसरला की पाहुण्यांचे फोन सुरू होतात. आपल्या बऱ्याच घरांनी मासळीच्या जोडीला आता दोन-चार कयाक घेतल्या आहेत. साळ नदीत, शापोऱ्याच्या वरच्या अंगाला, मांडवीच्या फाट्यांत सकाळी पाहुण्यांना फिरवून आणायचं, तास-दीड तासाचे पैसे घ्यायचे. काम चांगलं आहे, डिझेल लागत नाही. पण हे काम बहुतेक घरांत तरुण पोरं बघतात, आणि त्यातली कितीतरी पोरं वडिलांबरोबर कधी जाळ्यावर गेलेली नाहीत. आजोबांना जे आभाळ बघून कळायचं ते त्यांना मोबाईलवर बघावं लागतं, आणि मोबाईलवर काय बघायचं हेही कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा धडा. जाणत्यांनी वाचावा, चुकलं-माकलं खाली लिहावं, आणि घरच्या पोरांना वाचायला लावावा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करूया. आपण ज्या वाऱ्यात होडी काढतो तो वारा कयाकला चालतो असं नाही. आपली होडी जड, तिला इंजिन, आणि वल्हवणारा हात वीस वर्षांचा. कयाक म्हणजे प्लास्टिकचं हलकं पान. त्यात बसलेला पाहुणा काल रात्री विमानातून उतरलेला, वल्हं आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेलं. असा माणूस शांत पाण्यात ताशी चार किलोमीटर गेला तरी पुष्कळ. समोरून वीस किलोमीटरचा वारा लागला की तो निम्म्यावर येतो, आणि अर्ध्या तासात दमतो. तेव्हा हवामान ‘आपल्याला’ झेपेल का हा प्रश्नच नाही. ताफ्यातल्या सगळ्यात कच्च्या माणसाला झेपेल का, एवढंच बघायचं.

वाऱ्यापासून सुरुवात करू, कारण शांत नदीवर निम्म्याहून जास्त काम वाऱ्याचंच असतं. पाऊस दिसतो म्हणून लोक पावसाला घाबरतात. वारा दिसत नाही.

आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. रात्री जमीन थंड होते, समुद्र तेवढा होत नाही, म्हणून पहाटे वारा घाटाकडून समुद्राकडे वाहतो. शाळेच्या पुस्तकात ज्यांना मतलई वारे म्हणतात ते हेच. सूर्य वर आला की हे वारे पडतात, आणि मध्ये एक निवांत वेळ मिळतो. साधारण अकरा ते बाराच्या सुमारास समुद्राकडून खारं वारं सुरू होतं, पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून. दुपारी तीन-चारला ते ऐन जोरात असतं, आणि सूर्य बुडाला की मंदावतं. मार्च ते मेमध्ये जमीन जास्त तापते, तेव्हा हेच वारं जास्त दमदार असतं. म्हणून सकाळची फेरी ही फक्त फोटोसाठी नाही. साडेदहा-अकराला सगळे काठावर, हा नियम वाऱ्यामुळे आहे. आणि पाहुणा उशिरा उठला म्हणून फेरी दहाला सुरू करायची पद्धत आम्हाला मुळीच पसंत नाही.

आता आपल्या नद्यांची दिशा बघा. मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल या ढोबळमानाने पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात. खारं वारं त्यांच्या मुखातून आत शिरतं आणि दोन्ही काठांमधून नळीतून आल्यासारखं सरळ वर येतं. म्हणजे सकाळी वर गेलेली कयाक परत येताना वारा तिच्या तोंडावर असतो, नेमका माणूस दमलेला असताना. साळ नदीचं वेगळं आहे. ती वेर्ण्याकडून निघून बाणावली, ओर्ली, असोळणे करत किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे येते आणि बेतूलला समुद्राला मिळते. केळशी-मोबोरची माडांची पट्टी तिच्या आणि समुद्राच्या मध्ये उभी आहे. त्यामुळे दुपारच्या वाऱ्यातही तिच्या पश्चिम काठाला आडोसा मिळतो. पण वायव्येचा वारा बेतूलच्या बाजूला जाताना पाठीवर असतो, आणि पाठीवरचा वारा फसवतो. जाताना वाटतं आपण फारच छान वल्हवतोय. वळल्यावर कळतं. म्हणून फेरीची पहिली अर्धी बाजू नेहमी वाऱ्याच्या तोंडावर करावी आणि परतीला वारा पाठीला घ्यावा. उलटं जमवायचं तर परतायच्या वेळेचा वारा आधी बघून घ्यावा.

मोबाईलवर अंदाज बघताना तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे आकड्याचं माप. काही ॲप नॉट दाखवतात, काही ताशी किलोमीटर. एक नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर, म्हणजे ‘१० नॉट’ वाचून दहा किलोमीटर समजलात तर जवळजवळ निम्म्याने फसलात. दुसरी, सरासरी वाऱ्याच्या शेजारी झोताचा आकडा असतो. कयाक उलटते ती झोताने, तेव्हा मोठा आकडा धरा. तिसरी, तासातासाचा तक्ता उघडा. ‘आज वारा १२’ असं दिवसाचं एक चित्र बघून उपयोग नाही, आठला ४ आणि एकला २२ असू शकतो.

आमचं माप असं. झोत धरून ताशी १० किलोमीटरपर्यंत असेल तर कुणालाही घेऊन जा. १० ते १५ मध्ये आडोशाच्या फाट्यातच राहायचं, लहान मुलं आणि पोहता न येणारे नकोत. १५ च्या वर नवख्यांची फेरी नाही. कुणाला हे फार कडक वाटेल. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ८ चा वारा १६ झाला म्हणजे थोडा वाढला असं नाही.

आणि मोबाईल बंद पडला तरी माड बंद पडत नाही. झावळ्यांची टोकं नुसती सळसळतात, धूर तिरका जातो पण पसरत नाही, तोवर ठीक. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलायला लागल्या, जेटीवरचा झेंडा ताठ उभा राहिला, म्हणजे वारा १२ ते १९ च्या घरात आला. धूळ उडायला लागली, लहान फांद्या हलायला लागल्या की २० च्या वर. मोकळ्या पात्रात लाटांच्या डोक्यावर पांढरं दिसलं तर अंदाज काय म्हणतो ते बघत बसू नका.

सकाळच्या मतलई वाऱ्याबद्दल मात्र एक इशारा द्यायलाच हवा, कारण तो ‘शांत’ दिसतो. वारा जमिनीकडून येत असला की काठाजवळचं पाणी काचेसारखं राहतं. लाट उठायला वाऱ्याला लांबी मिळत नाही ना. पण तोच वारा कयाकला हळूहळू मुखाकडे ढकलत असतो. त्यात ओहोटी लागलेली असली तर दोन्ही मिळून पाहुणा गप्पा मारत मारत कुठे पोचतो ते त्यालाही कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वारा जास्त असेल तर मुखाच्या बाजूने कयाक घालूच नका, वरच्या अंगाने घाला.

आता पाणी. भरती-ओहोटीला आम्ही हवामानातच धरतो. नदीच्या नावाने पाहुण्याला वाटतं की पाणी एकाच बाजूला वाहतं. आपल्या मांडवी-जुवारीत भरतीचा परिणाम पन्नास किलोमीटर आणि त्याहून आतपर्यंत जातो हे त्याला माहीत नसतं. आपल्या पोरांना तरी माहीत असावं.

दिवसाला दोन भरत्या, दोन सुकत्या, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. जुना हिशेब बऱ्याच घरांत पाठ आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता. हा हिशेब मुंबईकडच्या पाण्याला जास्त जुळतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मुरगावला भरती मुंबईच्या तासभर आधी येते. तेव्हा हिशेबातून तासभर वजा करा, आणि शेवटी मुरगावच्या छापील तक्त्याशी ताडून घ्या. तक्ता मुरगावचा आहे हेही लक्षात असू द्या. नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. प्रत्येक घाटावर हा फरक वेगळा, तो आपला आपण आठ दिवस वेळ टिपून काढायचा. एका वहीत लिहा, आयुष्यभर पुरेल.

सहा तासांत पाणी एकसारखं चढत-उतरत नाही. पहिल्या तासात थोडं, दुसऱ्यात जास्त, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जास्त, मग परत कमी. एकूण चढ-उतारापैकी निम्मं पाणी मधल्या दोन तासांत हलतं. ओढ त्याच वेळी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्या नद्यांत अरुंद जागी, पुलांच्या खांबांपाशी, ही ओढ ताशी तीन किलोमीटरच्या आसपास जाते. पाहुण्याचा वेग चार, ओढ तीन. उलट्या दिशेने त्याच्या हाती काय राहिलं ते करा वजाबाकी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या पुढेमागे, ओढ कमी असते, आणि नवख्यांना तेच दिवस बरे. पण अष्टमीला भरती पहाटेच येऊन जाते, सकाळची सगळी फेरी उतरत्या पाण्यात होते. फाट्यात शिरून रमलात तर परत येताना चिखल. गुडघाभर चिखलात पाहुण्याला उतरवून कयाक ओढायची वेळ आली तर तो परत येत नाही, आणि चार लोकांना सांगतो ते वेगळं.

मग चांगला दिवस कोणता? आमच्या मते द्वादशी-त्रयोदशीच्या आसपासचा. तेव्हा मुरगावला भरती सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान पुरी होते, नदीत थोडी आणखी उशिरा. साडेसातला चढत्या पाण्याच्या शेवटच्या भागाबरोबर वर निघायचं. ओढ तेव्हा मंदावलेली असते, पण तुमच्याच दिशेने असते. पाणी पुरं भरलं की ते थोडा वेळ स्थिर उभं राहतं. तेव्हा खारफुटीत शिरा, पक्षी दाखवा, खंड्या दाखवा, जे काय दाखवायचं ते. मग उतरायला लागलेल्या पाण्याबरोबर परत. दहा-साडेदहाला काठावर, खारं वारं यायच्या आत. जाताना पाणी मदतीला, येताना पाणी मदतीला, आणि वारा अजून झोपलेला.

हाच हिशेब बिघडतो तेव्हा कसा बिघडतो तेही बघा. उशिरा सुरुवात झाली, साडेअकराला परत फिरले, ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढतंय आणि खारं वारं समुद्राकडून आत येतंय. पाणी आणि वारा समोरासमोर आले की आखूड, उभ्या लाटा उठतात. तेवढाच वारा भरतीबरोबर असता तर नदी नुसती चुळबुळली असती. म्हणून ‘काल एवढ्याच वाऱ्यात गेलो होतो’ हे बोलणं आमच्यापुढे कुणी करू नये. काल पाणी कोणत्या बाजूला होतं?

खाजनाच्या बांधाजवळ जाणाऱ्यांसाठी आणखी एक. मानशीची दारं भरतीला आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, तेव्हा आतलं पाणी जोराने बाहेर पडतं. ओहोटीच्या मधल्या तासांत मानशीच्या तोंडापासून लांब राहा. तिथे लावलेलं जाळंही असू शकतं, आणि ते आपल्याच कुणाचं तरी असतं. कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत, तिथे पाहुण्यांना हातपाय पाण्यात सोडू देऊ नका. हा हवामानाचा विषय नव्हे, पण राहवलं नाही.

पावसाचं बोलू. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत नदी ही शांत नदी नसतेच, गढूळ, ओंडके वाहून आणणारी असते. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते, बिगर-इंजिनाच्या पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. त्या सुटीचा अर्थ पाहुण्यांना घेऊन जायला मोकळीक असा कुणी काढू नये. शिवाय आपल्या अंगणात ऊन पडलेलं असताना घाटावर कोसळत असतं. म्हादईचं पाणी तिथून येतं. शापोऱ्यावरच्या मंडळींनी तर तिळारीची बातमी ठेवायलाच हवी. धरणातून विसर्ग सुरू झाला की इब्रामपूर, चांदेल, कोलवाळपर्यंत पाणी चढतं, मग आभाळ कितीही निळं असो. पाण्याचा रंग अचानक तांबूस झाला, काटक्या-पाला वाहून यायला लागला, की वर काहीतरी झालं असं समजून काठ गाठायचा.

फसवे महिने दोन, ऑक्टोबर आणि मे. सकाळ दोन्हीत सुंदर असते. दुपारनंतर सह्याद्रीवर कोबीच्या गड्ड्यासारखे ढग चढतात, संध्याकाळी ते पश्चिमेला सरकतात आणि गडगडाट घेऊन येतात. पूर्वेला असा ढग उंच होत चालला, त्याचं बूड काळं झालं, आणि मग एकदम गार वारा पूर्वेकडून अंगावर आला, तर ती पाऊस येण्याची नुसती वर्दी नाही. त्या गार वाऱ्यातच जोराचा झोत असतो. उन्हाने तापलेल्या पाहुण्याला तो वारा फार बरा वाटतो. आपल्याला वाटता कामा नये. या दोन महिन्यांत सूर्यास्ताची फेरी घ्यायची की नाही हे दुपारी तीनला घाटाकडे बघून ठरवा. आम्ही बहुतेक वेळा नाहीच म्हणतो.

विजेला सपाट पाण्यावरचा माणूस हा सगळ्यात उंच खांब. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पाण्यातून बाहेर, माडाखाली नाही, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, पाऊस थांबला तरी. ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने काढलेलं आहे, फुकट आहे, आसपास वीज पडत असेल तर सांगतं. जो ताफा नेतो त्याच्या मोबाईलवर ते हवंच.

दुरून येणारी लाट हा शेवटचा फसवा प्रकार, आणि त्यासाठी २०१७ चा डिसेंबर आठवा. ओखी वादळ अरबी समुद्रात आपल्यापासून लांबून गेलं. पण ३ डिसेंबरला पौर्णिमा होती, उधाण होतं, त्यावर वादळाची लाट चढून आली आणि किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पाणी शिरलं. अशा दिवशी नदीच्या आत काही जाणवत नाही, पण मुखाजवळच्या वाळूच्या पट्टीवर लाट उभी फुटते. बेतूलचं मुख, शापोऱ्याचं मुख, मांडवीची आग्वादकडची पट्टी कशी असते ते आपल्याला सांगायला नको. हैदराबादच्या इन्कॉइसचा समुद्रस्थितीचा इशारा आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा नदीवाल्यांनीही बघायचा तो यासाठीच. खात्याच्या रंगांचं सोपं आहे: हिरवा असेल तर पुढचा हिशेब करा, पिवळा असेल तर सकाळी पुन्हा बघून ठरवा, नारिंगी किंवा लाल असेल तर हिशेब करायची गरजच नाही.

धुक्याचं थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदीवर धुकं बसतं. समोरचा काठ स्पष्ट दिसेपर्यंत कयाक पाण्यात नाही. रायबंदर-चोडण फेरीच्या वाटेवर किंवा कुटबणला ट्रॉलर ये-जा करतात तिथे, धुक्यात बसकी कयाक कुणालाच दिसत नाही, आणि त्यात ट्रॉलरवाल्याचा दोष नसतो. उन्हाचंही तसंच हलकं घेऊ नका. मार्चनंतर दहाच्या पुढे पाण्यावर ऊन दोन्हीकडून लागतं, वरून आणि पाण्यावरून परतून. माणशी एक लिटर पाणी आणि टोपी, नाहीतर उलटी होऊन कयाकमध्ये लवंडलेला पाहुणा ओढत आणायची पाळी येते.

घरातल्या बायकांना विचारायला विसरू नका. ज्या सुकतीला तिसऱ्या काढायला जातात त्यांना आज पाणी कधी आणि किती उतरणार हे कोणत्याही ॲपपेक्षा नेमकं माहीत असतं. फेरीचं गणित करताना त्यांचा सल्ला घेणारी पोरं आम्ही बघितली आहेत, त्यांच्या कयाक चिखलात रुतत नाहीत.

राहिला पैशाचा प्रश्न. खरी अडचण तीच आहे. सहा जणांचं बुकिंग आहे, आगाऊ पैसे घेतलेत, शनिवार आहे, पाहुणा म्हणतो ‘थोडाच तर वारा आहे’. अशा वेळी जेटीवर उभं राहून नाही म्हणणं जड जातं, विशेषतः वीस-बावीस वर्षांच्या पोराला. म्हणून निर्णय जेटीवर करायचाच नाही. आदल्या रात्री आठला अंदाज बघायचा, पाहुण्याला तेव्हाच कळवायचं की सकाळी सहाला नक्की सांगू, आणि सहाला एकदा पक्कं करायचं. बुकिंग घेतानाच लिहून द्यायचं: हवामानामुळे फेरी रद्द झाली तर दुसरा दिवस, नाहीतर पूर्ण पैसे परत. आधी लिहिलेलं असलं की कुणी भांडत नाही. आणि ज्याने फेरी रद्द केली त्या पोराला घरी कुणी बोलायचं नाही. फेरी गेली, हजार-दोन हजार गेले, हिशेब तिथेच मिटला.

वाटेत हवा फिरली तर काय, हे निघण्याआधीच ठरवून ठेवा. जाताना दर अर्ध्या किलोमीटरला कुठे काठावर चढता येतं ते बघून ठेवायचं: कुणाचा घाट, कुणाचा बांध, कुठे खारफुटीमुळे चढताच येत नाही. वारा उठला की मधल्या पात्रातून निघून ज्या काठाला आडोसा आहे त्या काठाला लागायचं, सगळ्या कयाक हाकेच्या अंतरावर. घरी न पोचता कुणाच्यातरी बांधावर उतरून टेंपो मागवला तरी चालेल. एक दोर, एक शिट्टी, पाण्यापासून जपलेला मोबाईल, आणि प्रत्येकाच्या अंगात बक्कल लावलेलं लाईफ जॅकेट. बक्कल लावलेलं.

मुरगावच्या भरतीचा पुढच्या महिन्याचा तक्ता संस्थेच्या कार्यालयात भिंतीवर लावला आहे. फोटो काढून न्या. आपापल्या घाटावर भरती किती उशिरा येते ते ज्यांनी टिपलं असेल त्यांनी घाटाचं नाव घालून खाली लिहा, आम्ही ते तक्त्याशेजारी लावू.